हिंबांच्या वस्तीत

हिंबा हा गुरे राखणारा समाज. नामिबियाचा वायव्य कोपरा, म्हणजे आजचा कुनेने प्रांत आणि पूर्वीचे काओकोव्हेल्ड, तसेच कुनेने नदीपलीकडचा दक्षिण अंगोला, हा त्यांचा मुलूख. त्यांची संख्या ढोबळमानाने ५०,००० धरली जाते. ते बोलतात ती ओत्जिहेरेरो भाषेची एक बोली आणि हेरेरो हे त्यांचे जवळचे भाऊबंद. जगाला हा समाज माहीत झाला तो गेरू माखलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांतून. परंतु हिंबांच्या वस्तीची आखणी, नातीगोती, वारसा, मान आणि धर्म या सगळ्याच्या मध्यभागी गुरांचा वाडा आहे. पाहुण्याची नजर स्त्रियांच्या रंगावर खिळते, त्याच वेळी घरातल्या माणसांचे कान वाड्याकडे लागलेले असतात. हे ज्याने आधी समजून घेतले त्याला तिथे अधिक दिसते, आणि तिथे वागावे कसे हेही त्याला फारसे शिकवावे लागत नाही.

या मुलखाकडे जाणारी वाट राजधानी विंडहुकहून उत्तरेला निघते आणि ओकाहांजा या छोट्या गावात तिला हेरेरोंचा इतिहास भेटतो. हेरेरो प्रमुखांच्या कबरी इथे आहेत. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सॅम्युएल महारेरो यांचे अवशेष परदेशातून आणून इथे पुरले गेले आणि तेव्हापासून दरवर्षी ऑगस्टमध्ये हेरेरो इथे जमतात. त्यांच्या स्त्रिया घोट्यापर्यंत पोहोचणारे, अनेक परकरांवर फुगलेले झगे घालतात. हा वेश एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या बायकांकडून आला. डोक्यावरचे वस्त्र मात्र दोन्ही बाजूंनी गाईच्या शिंगांसारखे ताणून बांधलेले असते. परक्यांचा पोशाख अंगावर घेऊनही माथ्यावर गाय ठेवणारे हे हेरेरो आणि कातड्याचे आखूड वस्त्र नेसणारे हिंबा एकाच कुळातले आहेत, हे ओकाहांजात पाहून ठेवलेले बरे. पुढे हिंबांच्या मुलखातल्या ओपुवो या गावाच्या रस्त्यावर दोघी शेजारी शेजारी उभ्या दिसतात, तेव्हा एकीला ‘पुढारलेली’ आणि दुसरीला ‘मागासलेली’ म्हणण्याचा मोह त्यामुळे आवरतो.

ओत्जिवारोंगोच्या आसपास भारतीय प्रवाशाला चित्ते आठवतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातून आले होते, आणि चित्त्यांच्या संवर्धनाचे त्या देशातले मोठे केंद्र याच गावाजवळ आहे. गावाच्या पूर्वेला वॉटरबर्गचे सपाट माथ्याचे पठार आहे. ११ ऑगस्ट १९०४ रोजी तिथे जर्मन सैन्याने हेरेरोंचा पराभव केला, त्यांना निर्जल ओमाहेके वाळवंटाकडे रेटले आणि ऑक्टोबरमध्ये सेनापती फॉन ट्रोथा याने त्यांच्या संहाराचा हुकूम काढला. हजारोंनी माणसे तहानेने मेली. उरलेल्यांना छावण्यांत कोंडले. हा वंशसंहार होता हे जर्मन सरकारने २०२१ मध्ये मान्य केले. वायव्येचा डोंगराळ, कोरडा मुलूख त्या युद्धाच्या रेट्याबाहेर राहिला. पण हिंबांनी आपला विध्वंस त्याआधीच भोगला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून आलेल्या नामा टोळ्यांनी काओकोव्हेल्डमधले कळप हाकून नेले, तेव्हा अनेक कुटुंबे नदी ओलांडून अंगोलात गेली. तिथे त्यांनी दुसऱ्यांच्या आश्रयाने दिवस काढले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती हळूहळू परतली. प्रवासी ज्याला ‘काळाच्या आरंभापासून जसाच्या तसा राहिलेला समाज’ समजून भेटायला निघतो, त्याने सगळे गमावून पुन्हा कळप उभे केले आहेत, आणि तेही एकदाच नव्हे.

आउट्यो आणि कामान्याब मागे पडल्यावर गोऱ्या शेतकऱ्यांची तारकुंपणे विरळ होतात आणि व्हेर्डा नावाच्या ठिकाणी रस्त्यावर फाटक लागते. नामिबियाला आडवे छेदणाऱ्या पशुरोगप्रतिबंधक कुंपणाचे हे फाटक. लोक त्याला ‘लाल रेषा’ म्हणतात. या रेषेचा उगम १८९६-९७ मधल्या बुळकांडीच्या साथीत आहे. ती साथ रोखायला जर्मनांनी चौक्या बसवल्या आणि तरीही हेरेरोंची बहुतेक गुरे मेली. आता कारण लाळ्या-खुरकुताचे आहे. रेषेच्या दक्षिणेचे गोमांस युरोपात निर्यात होते, म्हणून उत्तरेकडची जिवंत गुरे किंवा कच्चे मांस दक्षिणेत नेता येत नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या पर्यटकाला हे फाटक जेमतेम जाणवते. पण रेषेपलीकडे ज्याच्याकडे २०० गुरे आहेत, त्याला देशातल्या सर्वांत चांगल्या बाजारात ती विकता येत नाहीत. १९९० मध्ये स्वातंत्र्य आले, पण रेषा राहिली. हिंबांच्या गरिबीबद्दल बोलताना हे कुंपण क्वचितच आठवले जाते. ते पहिल्यांदा आठवायला हवे.

पुढे मोपानेचे रान सुरू होते. या झाडाची जोडपाने फुलपाखराच्या पंखांच्या आकाराची असून कडक उन्हात ती मिटतात, त्यामुळे भर दुपारी झाडाखाली सावली सापडत नाही. जमीन तांबडी आणि खडकाळ. नद्या वर्षातला बराच काळ वाळूच्या असतात, आणि त्या वाळूत खड्डा खणून माणसे व जनावरे पाणी पितात. घर याच झाडाच्या फांद्यांचे, कुंपण याचेच, सरपणही याचेच.

ओपुवो हे प्रांताचे मुख्य गाव. अंगभर लाल झालेली, पाठीला मूल बांधलेली हिंबा स्त्री सुपरमार्केटमध्ये ढकलगाडीत मक्याच्या पिठाची पोती भरत असते. तिच्यामागे रांगेत फुगीर झग्यातली हेरेरो आजी, आणि तिच्यामागे मण्यांच्या जाड माळा घातलेली झेंबा समाजातली तरुणी. कोणी कोणाकडे वळून पाहत नाही. पाहतो तो प्रवासीच. रस्त्याकडेला निखाऱ्यावर गोमांसाचे तुकडे भाजून विकतात. कापाना हे त्याचे नाव, आणि तिखट-मीठ लावून ते उभ्या उभ्याच खायचे. दारूची दुकाने भरपूर आहेत आणि त्यांची झळ सर्वांत जास्त लागली ती दुष्काळात गुरे गमावून गावाच्या कडेला येऊन राहिलेल्या कुटुंबांना. म्हणून वस्तीवर जाताना दारू न्यायची नाही, हा इथला पहिला आणि सर्वांत गंभीर नियम. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणेही टाळायचे, कारण दंतवैद्य जवळपास नाही आणि परका माणूस दिसला की हात पसरण्याची सवय मुलांना अशा वाटपातूनच लागते. मक्याचे पीठ, साखर, खाद्यतेल, चहा, तंबाखू हा शिधा ओपुवोतच घ्यावा. तो हातोहात वाटायचा नसतो. तो वस्तीच्या कर्त्यापुढे किंवा थोरल्या स्त्रीपुढे ठेवला जातो. वाटणी त्यांच्या रीतीने होते.

पर्यटकांसाठीच मांडलेल्या काही ‘वस्त्या’ही या वाटेवर आहेत. तिथे गुरे नावाला असतात आणि दिवसाचे काम म्हणजे येणाऱ्या गाड्यांची वाट पाहणे. त्या सगळ्या वाईट आहेत असे नाही. काहींतून विधवांना आणि अनाथ मुलांना आधार मिळाला आहे. पण खरी वस्ती पाहायची तर स्थानिक हिंबा वाटाड्या लागतो आणि ‘आज नको’ हे उत्तर ऐकण्याची तयारीही लागते. ज्या घराला नाही म्हणता येते, तिथलेच हो म्हणणे खरे असते.

वस्तीला ओंगांडा म्हणतात. काट्याकुट्यांच्या कुंपणाचे मोठे वर्तुळ, आत कडेने घुमटाकार झोपड्या आणि मध्यावर गुरांचा वाडा. प्रवाशाने कुंपणाबाहेरच थांबायचे, वाटाड्याने आत जाऊन विचारायचे. तेवढ्यात कुत्री भुंकतात, मुले डोकावतात, आणि बऱ्याच वेळाने आतून कोणीतरी हाक देते. अभिवादनाला घाई चालत नाही. ‘मोरो’, मग ‘पेरिवी’, म्हणजे कसे आहात, आणि उत्तर ‘नावा’, बरे आहे. हे प्रत्येक मोठ्या माणसाशी वेगवेगळे करायचे. त्यानंतर गुरांची, पावसाची, कुरणाची चौकशी. वाटाड्या हे सगळे करत असताना मध्येच कॅमेरा काढणारा पाहुणा स्वतःचीच भेट बिघडवतो.

आत पाऊल टाकल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना सहसा दिसत नाही. कर्त्याच्या मुख्य झोपडीचे दार आणि गुरांचा वाडा यांच्या मध्ये दगडांनी आखलेली जागा असते आणि तिथे एखादे लाकूड धुमसत असते. हा ओकुरुवो, पवित्र अग्नी. वरकरणी ती विझत आलेली शेकोटी वाटेल. पण हिंबांच्या श्रद्धेनुसार मुकुरू हा निर्माता दूर असतो. त्याच्याशी बोलणे पूर्वजांच्या मध्यस्थीने होते आणि पूर्वजांशी बोलण्याची जागा हा अग्नी. आजारपण, जन्म, नाव ठेवणे, लग्न, मृत्यू, लांबच्या प्रवासाहून परतणे या सगळ्यांची वर्दी इथे दिली जाते. रात्री निखारा मुख्य झोपडीत नेतात आणि सकाळी त्याच निखाऱ्यावर अग्नी पुन्हा चेतवतात. कर्त्या पुरुषाची ती जबाबदारी असते. झोपडीपासून अग्नीपर्यंत आणि अग्नीपासून वाड्याच्या तोंडापर्यंतची सरळ रेषा परक्याने ओलांडायची नाही. मराठी घरात उंबरठा दिसतो, म्हणून पाय आपोआप थांबतो. इथे मर्यादा जमिनीवर रेखलेली नाही, आणि पाहुण्याच्या आदराची खरी कसोटी त्या मोकळ्या मातीवरच लागते. पलीकडच्या झोपडीत जायचे असेल तर वाड्याला वळसा घालून जायचे. मुले खेळताना सुद्धा हा वळसा घेताना दिसतात.

झोपड्या मोपानेच्या फांद्या वाकवून बांधलेल्या आणि माती व शेणाने लिंपलेल्या असतात. कुडाच्या सारवलेल्या भिंती ज्याने कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाहिल्या आहेत, त्याला हा वास ओळखीचा वाटतो. लिंपण बायका करतात. दूध काढणे, पाणी आणणे, सरपण, मुले आणि दागिने घडवणे हीही त्यांचीच कामे. पुरुषांकडे गुरांच्या चराईचे निर्णय, खरेदी-विक्री आणि तंटे. कोरड्या ऋतूत तरुण मुले मोठा कळप घेऊन दूरच्या कुरणांवर जातात. अशा गोठणीला ओहाम्बो म्हणतात. त्यामुळे प्रवासी येतो त्या महिन्यांत वस्तीत बहुतेक करून बायका, मुले आणि म्हातारी माणसे असतात. ‘इथले पुरुष काही करत नाहीत’ हा पर्यटकांचा लाडका शेरा या अनुपस्थितीतून जन्मला आहे. आपल्याकडे धनगरांचे वाडे मेंढरांमागे कोकणात उतरलेले असताना कोणी त्यांच्या माणच्या घरी जाऊन असा निष्कर्ष काढला, तर तोही इतकाच चुकीचा ठरेल.

ओत्जिझे हा लाल लेपही कळपातूनच येतो. दूध तुंब्यात भरून तो टांगतात आणि झुलवून घुसळतात. निघालेल्या लोण्यात दगडावर बारीक वाटलेला गेरू मिसळतात, आणि सुवासासाठी कोमिफोरा जातीच्या झुडपाची राळ घालतात. रोज सकाळी स्त्रिया तो अंगाला, केसांना, कातड्याच्या वस्त्राला, दागिन्यांना लावतात. पुरुष लावत नाहीत. पाण्याने आंघोळ करण्याऐवजी निखाऱ्यावर सुगंधी पाला आणि राळ टाकून त्या अंगाला धुरी देतात. पाणी पिण्यापुरतेही मोजके असलेल्या मुलखात ही स्वच्छतेची पूर्ण विचार केलेली रीत आहे. ‘या बायका कधी आंघोळ करत नाहीत’ असे चवीने सांगणाऱ्यांनी त्या झोपडीतला सुगंध घेतलेला नसतो. गेरूचा लेप सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रत्यक्ष त्वचेवर तपासून दाखवले गेले. हिंबा स्त्रीला विचारले तर ती मात्र सांगते की हे सुंदर दिसते.

केसांवरून माणसाचे वय आणि स्थान कळते. लहान मुलीच्या दोन जाड वेण्या कपाळावर पुढे येतात. वयात आल्यावर गेरूने लिंपलेल्या अनेक वेण्या होतात. लग्न झालेली स्त्री डोक्यावर एरेम्बे हे बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या कातड्याचे शिरोभूषण घालते. अविवाहित मुलगा एकच वेणी मागे सोडतो आणि लग्नानंतर पुरुष डोके कापडाने झाकतो. स्त्रियांच्या छातीवर ओहुम्बा हा मोठा पांढरा शंख रुळतो. समुद्र इथून दूर असल्याने त्याचे मोल मोठे, आणि तो आईकडून मुलीकडे जातो. खालचे चार पुढचे दात लहानपणी काढून टाकण्याची चालही आहे. ती वेदनादायक आहे, आणि आदर राखायचा म्हणून ती सुंदर ठरवण्याची गरज नाही.

पाहुण्याला कधी ओमाएरे मिळते. हे तुंब्यात आंबवलेले घट्ट दूध. ताजे दूध पिण्याची इथे फारशी रीत नाही. दह्याताकावर वाढलेल्या मराठी माणसाला चव परकी वाटत नाही; फक्त त्यात धुराचा आणि तुंब्याचा वास उतरलेला असतो आणि आंबटपणा अधिक असतो. सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. मांस रोज नसते. शेळी-मेंढी प्रसंगाने कापतात. बैल किंवा गाय लग्नाला, मोठ्या विधीला आणि विशेषतः मृत्यूला. काही गाई पवित्र मानल्या जातात. त्यांचे दूध आधी कर्त्याने चाखायचे, मग इतरांनी. वाढून दिलेले भांडे दोन्ही हातांनी घ्यावे, थोडे तरी प्यावे आणि ‘ओकुहेपा’ म्हणावे. ते आभाराचे बोल आहेत.

पवित्र आणि इतर गाईंच्या दुधाचा हा भेद वारशाकडे नेतो, आणि हिंबांची बुद्धी खरोखर कुठे खर्च झाली आहे हे तिथे दिसते. प्रत्येक हिंबा दोन कुळांचा असतो. बापाकडून ओरुझो, आईकडून एआंडा. राहणे, पवित्र अग्नी आणि पवित्र गुरे ओरुझोबरोबर, म्हणजे बापाच्या बाजूने चालतात. बाकीच्या गुरांची मालमत्ता मात्र एआंडातून जाते, आणि म्हणून ती मुलाला न मिळता मामाकडून भाच्याकडे जाते. मुलगा बापाच्या घरी वाढतो, त्याच्या अग्नीपुढे नाव घेतो, पण त्याच्या संपत्तीची मुळे मामाच्या वाड्यात असतात. मराठी घरातही मामाचे लाड प्रसिद्ध आहेत, पण सातबारा बापाचा असतो. हिंबांनी धर्म एका हाताला आणि धन दुसऱ्या हाताला दिले. परिणाम असा की एका माणसाचा कळप सहसा एकाच ठिकाणी नसतो; तो नातेवाइकांच्या वस्त्यांत विखुरलेला असतो. एका दरीत पाऊस चुकला किंवा रोग आला तरी सगळे बुडत नाही. अनिश्चित पावसाच्या देशातला हा विमा आहे.

तो विमाही १९८० च्या दशकाच्या आरंभी अपुरा पडला. त्या दुष्काळात हिंबांची बहुसंख्य गुरे मेली. अंदाज ९० टक्क्यांपर्यंत जातात. शिवाय अंगोलाच्या सीमेवर युद्ध चालू होते. कुटुंबे ओपुवोला सरकारी अन्नाच्या रांगेत आली, काही तरुण तेव्हा नामिबियावर राज्य करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात भरती झाले. तरीही पुढच्या दशकांत नात्यातून उसन्या मिळालेल्या गाईंवर कळप पुन्हा वाढले. २०१३ आणि २०१९ मध्ये नामिबियाने पुन्हा दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली. वस्तीत बसून गुरांची चौकशी करताना हे ध्यानात ठेवावे आणि ‘किती गुरे आहेत’ हा प्रश्न टाळावा. सधन माणूस आकडा सांगत नाही, आणि ज्याची गुरे मेली त्याला तो प्रश्न लागतो.

छायाचित्रांची वेळ शेवटी येते आणि ती शेवटीच यावी. प्रत्येकाला वेगळे विचारावे, काढलेले चित्र दाखवावे, कोणी तोंड फिरवले तर कॅमेरा खाली घ्यावा. अर्धवस्त्र स्त्रियांची आणि मुलांची चित्रे जगभर फिरतात तेव्हा त्यांची परवानगी तिथवर पोहोचलेली नसते. या वस्त्यांतल्या मुली आता ओपुवोत शिकतात, त्यांच्याकडेही फोन आहेत. हिंबांविषयी पसरलेल्या गोष्टीही अशाच. बाळाच्या गर्भधारणेआधीच आई त्याचे गाणे रचते आणि ते त्याला जन्मभर गाऊन दाखवतात, ही गोड कथा मराठी व्हॉट्सॲप गटांतूनही फिरते. हिंबांमध्ये राहून अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्राला तिचा आधार नाही. जन्मलेल्या मुलाला अग्नीपुढे नेऊन पूर्वजांना दाखवतात, ही खरी गोष्ट तिच्याहून कमी सुंदर नाही. निघण्याआधी स्त्रिया जमिनीवर कातडे अंथरून कडी, मणी, लाकडी बाहुल्या मांडतात. एकीकडूनच सगळे घेऊ नये, दोघी-तिघींकडून थोडे थोडे घ्यावे, आणि सांगितलेली किंमत फार घासाघीस न करता द्यावी.

ओपुवोहून खडीचा रस्ता उत्तरेला कुनेनेवरच्या एपुपा धबधब्यापर्यंत जातो. वाटेत कुठे कुठे मोपानेखाली जुन्या कबरी दिसतात आणि त्यांच्याजवळ मृत्यूच्या वेळी कापलेल्या गुरांची शिंगे रचलेली असतात. गाडी थांबवून त्यांवर चढणे किंवा शिंग उचलणे हे अग्नी ओलांडण्याइतकेच गंभीर मानले जाते. शेवटी डोंगर फाकतात आणि कुनेने दिसते. मैलोगणती कोरड्या मातीनंतर ताडाची हिरवी रांग, खडकाला मुळांनी कवटाळून उभे असलेले गोरखचिंचेचे वृक्ष आणि अनेक धारांनी फुटून घळईत पडणारे पाणी. सर्वांत मोठा धबधबा सुमारे ३७ मीटरचा आहे.

१९९० च्या दशकात नामिबिया आणि अंगोला या दोन सरकारांनी याच ठिकाणी जलविद्युत धरणाचा घाट घातला. प्रमुख हिकुमिनुए कापिका यांच्या नेतृत्वाखाली इथल्या हिंबांनी विरोध केला. नदीकाठची कुरणे आणि मळे बुडतील, ही एक बाजू होती. पण त्यांचा मुख्य मुद्दा कबरींचा होता: कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क, हे तिथे कोणाचे पूर्वज पुरले आहेत यावरून ठरते, म्हणून कबरी पाण्याखाली गेल्या तर हक्काचा पुरावाच जाईल. तज्ज्ञांनी सुरुवातीला याला भावनेचा प्रश्न समजले. तो जमीन-नोंदणीचा प्रश्न होता. कापिका युरोपात जाऊन बोलले, धरण रखडले आणि पुढे दोन्ही सरकारांनी नदीच्या खालच्या अंगाला, बेन्स पर्वतातली जागा पसंत केली. तिलाही हिंबांच्या एका भागाने विरोध केला, मोर्चे काढले. तर काहींना रस्ते, वीज आणि रोजगार हवा आहे. समाज एकमुखी नाही, आणि त्याने तसे असावे अशी अपेक्षा पाहुण्याने का करावी?

धबधब्याजवळच्या गावात शाळा आहे, दवाखाना आहे, मोबाइलचा मनोरा आहे. फिरत्या वस्त्यांसाठी नामिबियात तंबूतल्या फिरत्या शाळाही चालतात; चराईच्या वेळी मोठ्या मुलांपैकी कोणी कळपाबरोबर जायचे आणि कोणी वर्गात बसायचे, हे घराला दरवर्षी ठरवावे लागते. पलीकडचा काठ अंगोलाचा. १८८६ मध्ये जर्मनी आणि पोर्तुगाल यांनी करार करून ही नदी सीमा ठरवली. दोन्ही काठांवर मात्र तेच ओरुझो आणि तेच एआंडा आहेत. नदीत मगरी आहेत, तरी पाणी उतरल्यावर माणसे अलीकडे-पलीकडे जातात: लग्नाला, मयताला, तंबाखू आणायला आणि मामाच्या कळपात ठेवलेल्या आपल्या गाई बघायला.